खेळ सुटल्यानंतर

नाटक असो, तमाशा असो वा चित्रपट असो, खेळ सुटला की माणसे बोलू लागतात. थिएटरच्या पायऱ्या उतरताना, सायकली काढताना, पुढे कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा येईपर्यंत मते मांडली जातात आणि खोडलीही जातात. कोणास नायिका आवडलेली असते, कोणास शेवट पटलेला नसतो, आणि एखादा गृहस्थ सर्वांचे ऐकून घेऊन शांतपणे म्हणतो की, मूळ कादंबरी याहून बरी होती. या बोलण्यास आपण गप्पा म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी विसरून जातो. चित्रपटाचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही त्यांची फारशी दखल घेतलेली नाही. फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखविला, १९३१ साली 'आलम आरा'ने पडद्यास वाचा दिली, १९३७ साली 'संत तुकारामा'ची वाखाणणी व्हेनिसला झाली, हे सारे आपणांस पाठ असते. खुर्चीतला प्रेक्षक घरी जाताना काय बोलला, हे मात्र कोणत्याच वहीत सापडत नाही.

असे असले तरी, आपल्या देशात एक काळ असा येऊन गेला की, या गप्पांना घटना लाभली, वर्गणी लाभली, कार्यकारिणी लाभली आणि अखेरीस एक अखिल भारतीय संघही लाभला. फिल्म सोसायट्यांचा तो काळ होय. त्याविषयी लिहावयाचे ते एका विशेष कारणाने. या चळवळीच्या उभारणीत ज्यांचा हात होता, त्यांतील कित्येक जण आपल्या मूळ गावापासून दूर येऊन राहिलेले होते. मुलुखाबाहेर नोकरीचे आयुष्य घालविणाऱ्या आमच्यासारख्यांना त्या कहाणीत आपले काही सापडेल, असे आम्हांस वाटते.

मूळ कल्पना युरोपातली. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसमध्ये लुई देल्यूक, रिच्चोत्तो कानुदो यांच्यासारख्या मंडळींनी चित्रपटास कलांच्या पंगतीत बसविण्याचा आग्रह धरला आणि चित्रपट पाहून त्यावर बोलणारी मंडळे तेथे निघाली. १९२५ साली लंडनमध्ये फिल्म सोसायटी स्थापन झाली. बर्नार्ड शॉ, एच. जी. वेल्स यांच्यासारख्या लेखकांनी तिला आपले नाव दिले. या संस्थेचे बळ एका साध्या भेदात होते. तिकीट विकून केलेला खेळ सार्वजनिक ठरे, तर वर्गणीदार सभासदांपुरता केलेला खेळ खाजगी मानला जाई. त्या भेदाचा आधार घेऊन आयझेनस्टाइनचा 'बॅटलशिप पोटेम्किन' हा इंग्लंडमध्ये बंदी असलेला चित्रपट १९२९ च्या नोव्हेंबरात तेथील सभासदांनी पाहिला. पाहिला म्हणजे त्यावर वाद घातला, हे सांगावयास नकोच.

हिंदुस्थानात मुंबईला १९३७ साली हौशी मंडळींची सिने सोसायटी निघाली आणि पाचएक वर्षांनी बॉम्बे फिल्म सोसायटी निघाली. परंतु ज्या संस्थेने या हौसेला दिशा दिली ती कलकत्त्याची. स्वातंत्र्यानंतर दोन महिने पुरे होण्याच्या आत, ५ ऑक्टोबर १९४७ रोजी, सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त आणि त्यांचे स्नेही यांनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापिली. राय त्या वेळी सव्वीस वर्षांचे असून एका जाहिरात कंपनीत चित्रकार म्हणून नोकरीस होते. पहिला खेळ केला तो 'पोटेम्किन'चाच.

गप्पा मारण्यास संस्था कशास हवी, असा प्रश्न आजच्या वाचकास पडेल. त्याचे उत्तर त्या काळच्या चित्रपटाच्या स्थितीत आहे. वितरक जे आणील तेच पाहावयाचे, हा नियम. हॉलीवुडचे आणि मुंबईचे चित्रपट भरपूर येत; फ्रान्स, रशिया, इटली यांचे क्वचितच. शिवाय चित्रपट ही वस्तू हाती राहणारी नव्हती. पुस्तक कपाटात राहते, रेकॉर्ड पुन्हा लावता येते. चित्रपट आठवडा-दोन आठवड्यांनी गाव सोडून गेला की गेला. पुन्हा केव्हा दिसेल याचा नेम नसे. म्हणून जे पाहिले ते स्मरणात धरून ठेवावे लागे, आणि स्मरण एकट्याचे पुरत नसे. एकास संकलन आठवे, दुसऱ्यास पार्श्वसंगीत, तिसऱ्यास दिव्यांची योजना. चौघे बसून चित्रपट पुन्हा जुळवीत. राय तर अंधारात बसून दृश्ये कशी जोडली आहेत याची टिपणे कागदावर खरडीत असत. एखाद्या कादंबरीवर चित्रपट निघणार असे जाहीर झाले की तिची पटकथा स्वतः लिहून ठेवावयाची आणि पुढे पडद्यावरच्या कृतीशी ताडून पाहावयाची, असाही त्यांचा छंद होता. वरवर पाहता हा रिकामा उद्योग. पण अशा उद्योगातूनच अभिप्रायाला शिस्त येते. 'आवडले' आणि 'आवडले नाही' यांच्या पलीकडे जाऊन 'का' या प्रश्नाशी थांबण्याची सवय त्या बैठकांनी लाविली. १९४८ साली रायांनी 'स्टेट्समन' पत्रात भारतीय चित्रपटाचे काय चुकते, यावर लेख लिहिला, तो याच सवयीचे फळ म्हणावयास हरकत नाही.

त्या मेळाव्यात बंगाली नसलेलेही लोक होते. बन्सी चंद्रगुप्त हे मूळचे काश्मीरकडील चित्रकार. १९४९ साली फ्रेंच दिग्दर्शक जाँ रेन्वार 'द रिव्हर' या चित्रपटाच्या तयारीसाठी कलकत्त्यास आला, तेव्हा जागा शोधण्याच्या भटकंतीत राय त्याच्या सोबत हिंडले; चंद्रगुप्तांनी त्या चित्रपटाच्या कलाविभागात काम केले; आणि सुब्रत मित्र नावाचा तरुण चित्रीकरण पाहावयास जाऊन उभा राहू लागला. १९५० साली कंपनीने रायांना लंडनला पाठविले. तेथे काही महिन्यांत त्यांनी शंभराच्या आसपास चित्रपट पाहिले, त्यांत डी सिकाचा 'बायसिकल थीव्हज' होता. परतीच्या बोटीवर त्यांनी 'पथेर पांचाली'चा आराखडा करण्यास घेतला. १९५५ साली तो चित्रपट झळकला. त्याचे कलादिग्दर्शन बन्सी चंद्रगुप्तांचे आणि छायाचित्रण सुब्रत मित्रांचे होते. दिग्दर्शकाने पूर्वी चित्रपट केला नव्हता, छायाचित्रकाराने चित्रपटाचा कॅमेरा चालविला नव्हता, आणि तरीही हे घडले. प्रतिभेचा वाटा मोठा आहेच. परंतु त्या प्रतिभांची गाठ कोठे पडली, आणि आठ वर्षे त्या कशावर पोसल्या, हे पाहिले म्हणजे खेळानंतरच्या बोलण्याचे मोल कळते.

दरम्यान सरकारनेही एक दार उघडले. १९५२ च्या जानेवारीत मुंबईस भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि पुढे तो दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे नेण्यात आला. 'बायसिकल थीव्हज' आणि कुरोसावाचा 'राशोमोन' या चित्रपटांनी आपल्या दिग्दर्शकांची झोप उडविली. पुढच्याच वर्षी आलेल्या बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'वर त्या इटालियन चित्रपटाचा ठसा सहज ओळखू येतो. मौज अशी की, साऱ्या देशात चित्रपटाविषयी बोलणे वाढत असता कलकत्त्याची सोसायटी मात्र याच सुमारास निद्रिस्त झाली होती. ती पुन्हा उभी राहिली ती १९५६ साली, 'पथेर पांचाली'च्या यशानंतर.

आता या कहाणीतील मराठी धाग्याकडे वळू. विजया मुळे यांचा जन्म १९२१ साली मुंबईत झाला. विवाहानंतर त्या पाटण्यास गेल्या. मुंबईत वाढलेल्या तरुण स्त्रीला त्या काळचे पाटणा किती परके वाटले असेल, याची कल्पना आमच्या वाचकांपैकी ज्यांनी उत्तरेत बदलीचा पहिला उन्हाळा काढला आहे त्यांना येईल. तेथे त्यांनी शिक्षण पुढे चालविले. १९४६ साली शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात शिक्षणशास्त्राच्या अभ्यासासाठी गेल्या आणि तेथे त्यांची फिल्म सोसायटीशी ओळख झाली. परत आल्यावर त्यांनी पाटण्यात फिल्म सोसायटी काढण्यात पुढाकार घेतला. १९५४ साली केंद्रीय शिक्षण मंत्रालयात अधिकारी म्हणून त्या दिल्लीस आल्या आणि तेथील फिल्म सोसायटीच्या उभारणीतही त्या अग्रभागी राहिल्या.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. परप्रांती गेलेला मराठी माणूस प्रथम महाराष्ट्र मंडळाचा पत्ता शोधतो. गणेशोत्सव, कोजागिरी, एखादा नाट्यप्रयोग, वाचनालयातील जुने दिवाळी अंक, यांत त्याचा जीव रमतो. आणि त्यात गैर काही नाही. मंडळ नसते तर आमच्या मुलांना मातृभाषा ऐकावयास कोठे मिळाली असती? परंतु मंडळाच्या भिंतीबाहेर आपण ज्या गावी राहतो त्या गावाशी आपले नाते कोणते, हा प्रश्न शिल्लक राहतोच. पुष्कळदा ते नाते कचेरी, किराणा दुकान आणि रेल्वेचे तिकीटघर यांपुरतेच असते. मुळे यांनी पाटण्यात जे केले ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जपानी वा इटालियन चित्रपट लागला की सभागृहातील बिहारी, बंगाली, मराठी सारेच एका पायरीवर येतात. पडद्यावरची भाषा कोणाचीच नसते, म्हणून कोणी यजमान नसतो आणि कोणी पाहुणा नसतो. खेळानंतर जो बोलतो त्याचे बोलणे त्याच्या मुलुखावरून तोलले जात नाही, त्याने काय पाहिले यावरून तोलले जाते. बदलीवर आलेल्या माणसाला याहून समानतेची बैठक कोणती मिळणार?

१९५५ साली मेरी सीटन या आयझेनस्टाइनच्या इंग्रज चरित्रकार भारतात आल्या. चित्रपट कसा पाहावा यावर त्यांनी गावोगाव व्याख्याने दिली आणि विखुरलेल्या मंडळींना एकत्र येण्यास भरीस घातले. १३ डिसेंबर १९५९ रोजी फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया हा संघ स्थापन झाला. कलकत्ता, दिल्ली, मुंबई, मद्रास, पाटणा आणि रुरकी अशा सहा ठिकाणच्या सोसायट्या त्यात होत्या. चार महानगरांच्या शेजारी पाटणा व रुरकी ही नावे वाचून आजही आश्चर्य वाटते; रुरकी तर इंजिनियरिंगच्या शिक्षणासाठी नावाजलेले लहान गाव. राय अध्यक्ष झाले आणि १९९२ साली निधन होईपर्यंत राहिले. चिटणीसपदाचा भार चिदानंद दासगुप्त आणि विजया मुळे या दोघांनी वाहिला. इंदिरा गांधी याही काही काळ उपाध्यक्ष होत्या. १९६४ साली त्या माहिती व नभोवाणी खात्याच्या मंत्री झाल्या, तेव्हा हा विषय समजणारी व्यक्ती त्या खुर्चीवर आली, असे चळवळीतील लोकांस वाटले तर नवल नाही.

संघाचे काम दिसावयास साधे, करावयास किचकट होते. परदेशी वकिलातींकडून चित्रपट मिळवावयाचे, त्यांच्या रिळांचे पत्र्याचे डबे रेल्वेने एका गावाहून दुसऱ्या गावी धाडावयाचे, करमणूक कराची सूट मागावयाची, सेन्सॉरच्या कायद्यातून सभासदांपुरती सवलत मिळवावयाची, आणि वर्गणीत प्रोजेक्टरचे व सभागृहाचे भाडे भागवावयाचे. ही कामे कचेरीच्या वेळेनंतर, बिनपगारी, ज्यांना फायलींची सवय होती अशा लोकांनीच करावी हे स्वाभाविक होते. नोकरशाहीस नावे ठेवण्याची आपल्याकडे रूढी आहे. परंतु अर्ज लिहिणे, पोच घेणे, हिशेब तपासणे या तिच्या रूक्ष गुणांवाचून ही रसिकता एक वर्षही टिकली नसती.

पाटण्याकडे मुंबईची मुलगी गेली, तशी पुण्याकडे बाहेरची माणसे आली. प्रभात कंपनीच्या जुन्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले. आग्र्यास अर्थशास्त्र शिकविणारे आणि तेथे फिल्म सोसायटी चालविणारे सतीश बहादूर पुण्यास येऊन चित्रपट रसास्वादाचे अध्यापक झाले. केरळचे पी. के. नायर संग्रहालयाचे आधारस्तंभ झाले. फाळक्यांच्या चित्रपटांचे अवशेष नाशिकहून मिळवून त्यांनी ते जतन केले. मराठी चित्रपटाच्या आद्य पुरुषाचा ठेवा एका मल्याळी माणसाने राखला, ही गोष्ट आपण कृतज्ञतेने लक्षात ठेवली पाहिजे. नायर २०१६ साली पुण्यातच वारले. संग्रहालयाच्या प्रती पुढे देशभरच्या सोसायट्यांना मिळू लागल्या आणि वकिलातींवरचा भार हलका झाला. पुण्यात शिकून गेलेल्या अडूर गोपालकृष्णन यांनी १९६५ साली त्रिवेंद्रमला मित्रांसह 'चित्रलेखा' सोसायटी काढली. तिच्याच सहकारी संस्थेतून १९७२ साली 'स्वयंवरम्' निघाला. मुंबईत 'फिल्म फोरम'शी संबंध असलेले बासू चटर्जी व्यंगचित्रे काढता काढता १९६९ साली 'सारा आकाश'चे दिग्दर्शक झाले. १९६८ साली मुंबईत 'प्रभात चित्र मंडळ' निघाले, आणि जगातील चित्रपटांविषयीचा हा संवाद मराठी भाषेतून होऊ लागला. सुधीर नांदगावकर यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. मंडळाच्या 'रूपवाणी'ने या बोलण्याला छापील रूप दिले, हे त्याचे विशेष कार्य होय.

या चळवळीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तिचा पाया अरुंद होता. बहुतेक ठिकाणी चर्चेची भाषा इंग्रजी असे; सभासद शिकलेले, शहरी, बऱ्या पगाराचे. 'संत तुकारामा'साठी बैलगाड्या जुंपून येणारा प्रेक्षक या सभागृहांत कधी नव्हताच. मुंबईच्या चित्रपटाविषयी एक प्रकारची तुच्छताही येथे पोसली गेली. सत्तरीच्या दशकात सोसायट्यांची संख्या शेकड्यांवर गेली, पण ती वाढ निखळ नव्हती. सेन्सॉरची कात्री न लागलेले विदेशी चित्रपट येथे पाहावयास मिळतात, एवढ्याच ओढीने सभासद होणारे बरेच निघाले. त्यांची मतलबाची दृश्ये संपली की ते उठून जात. सभागृह भरलेले, तिजोरी बरी, आणि चर्चेस मात्र पाच-सात डोकी, अशी अवस्था ठिकठिकाणी आली. पुढे १९८२ साली दूरदर्शनला रंग चढले, घरोघर व्हिडिओ आला, आणि ज्या सोसायट्यांचा जीव केवळ दुर्मिळ चित्रपटात होता त्या भराभर बंद पडल्या. जेथे बोलण्याची परंपरा होती तेथे त्या तगल्या. केरळात तर त्या परंपरेने मोठा विस्तार पाहिला. १९९६ पासून तेथे भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय महोत्सवास सामान्य माणूस रांगा लावतो, यामागे त्या जुन्या सोसायट्यांची मशागत आहे.

यावरून आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. दुर्मिळ चित्रपट हे या संस्थांचे निमित्त होते. त्यांचा प्राण खेळानंतरच्या अर्ध्या तासात होता. आज निमित्त उरलेले नाही. 'राशोमोन' कोणासही घरबसल्या, हातातल्या फोनवर, वाटेल तितक्या वेळा पाहता येतो. स्मरणावर भार टाकण्याची गरज संपली, आणि त्याबरोबर शेजाऱ्याची गरजही संपली, असे वाटू लागते. मते आजही भरपूर मांडली जातात; परंतु ती बहुधा न पाहिलेल्या माणसांपुढे मांडली जातात. ज्याच्याशी वाद झाला त्याच्याच स्कूटरवर मागे बसून घरी जाणे, ही त्या काळची खरी शाळा होती. वाद झाल्यावरही उद्या भेटावयाचे आहे, या जाणिवेने मत सौम्य होत नसे, पण जबाबदार होई. चिदानंद दासगुप्त यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या लेखसंग्रहास 'टॉकिंग अबाउट फिल्म्स' असे नाव दिले. चित्रपटांविषयी बोलणे! आयुष्यभराच्या चिंतनाला इतके साधे नाव देणाऱ्या त्या समीक्षकास आपला उगम कोठे आहे हे ठाऊक होते.

विजया मुळे यांचे पुढील आयुष्य सरकारी नोकरीत आणि चित्रपटात सारखेच गुंतलेले राहिले. १९७४ साली त्यांनी मुलांसाठी केलेल्या 'एक अनेक और एकता' या चित्रपटास सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. पुढे दूरदर्शनवर तो पाहिलेल्या एका सबंध पिढीस त्यातील जाळ्यासकट उडून जाणारे पक्षी अजून आठवतात. दिग्दर्शिकेचे नाव मात्र थोड्यांस ठाऊक असते, आणि ती मराठी होती हे त्याहून थोड्यांस. २०१९ साली दिल्लीस त्यांचे निधन झाले.

त्यांच्यासारख्या काहींची नावे राहिली. परंतु रुरकीस, पाटण्यास, आग्र्यास वा अशाच एखाद्या बदलीच्या गावी ज्यांनी पत्र्याचे डबे स्टेशनवरून सोडवून आणले, टिपणे सायक्लोस्टाइल केली, आणि खेळ सुटल्यावर खुर्च्या ओढून बोलणे सुरू केले, त्यांची नावे झपाट्याने पुसली जात आहेत. त्या वेळी पंचविशीत असलेले लोक आज ऐंशी-नव्वदीत आहेत. त्यांच्या कपाटांत जुनी सभासद-कार्डे, कार्यक्रमपत्रिका, इतिवृत्ताच्या वह्या पडून असतील. घर आवरताना त्या रद्दीत जातील. ज्या वाचकांच्या घरी असे काही असेल त्यांनी ते टाकून देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावे, वडीलधाऱ्यांस दोन प्रश्न विचारावेत, आणि जे कळेल ते तारखेनिशी, गावानिशी लिहून ठेवावे. चित्रपट पुण्याच्या संग्रहालयाने जपले. त्यांवर माणसे काय बोलली हे जपण्याचे काम ज्याच्या त्याच्या घरीच व्हावयाचे आहे.